पिशवी काढायचीच का? वय ३३, अंगावरून जास्त जातंय, घरचे तयार झालेत

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वहिनीसाठी आहे. भाऊ-वहिनी केज तालुक्यात राहतात, मी लग्न करून नांदेडला. वहिनीचं वय ३३, दोन लेकरं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. मागच्या उन्हाळ्यापासून तिची पाळी आठ-नऊ दिवस चालते, गाठी पडतात, कंबर धरते, जिना चढली की धाप. तालुक्याला एका दवाखान्यात दाखवलं तर सोनोग्राफी केली आणि सांगितलं की पिशवीला सूज आहे, एक छोटी गाठ आहे, काढून टाका नाहीतर पुढं कॅन्सर होईल. ऑपरेशनची तारीखसुद्धा दिली.

आई म्हणते दोन लेकरं झाली आता पिशवीचं काय काम, मावशीनं काढली, मामीनं काढली, कुणाचं काय बिघडलं. दसऱ्यानंतर दोघं टोळीत ऊसतोडीला जातात त्यामुळं त्याच्या आत उरकून टाकू असं चाललंय. वहिनी गप्प आहे. मला फोनवर फक्त म्हणाली, ताई, तुम्हाला काय वाटतं.

मला माहीत करून घ्यायचंय की हे कॅन्सरचं खरं आहे का, दुसरा काही इलाज असतो का, आणि डॉक्टरला नेमकं काय विचारायचं. कुणाला अनुभव असेल तर सांगा, घाबरवू नका.

धपाटेवाली
तारीख पुढं ढकला आधी. एका सोनोग्राफीवर ३३ व्या वर्षी पिशवी? रक्त किती आहे तिचं? धाप लागते म्हणजे एचबी कमी असणार.

गोदाकाठची
रक्ताचा रिपोर्ट फायलीत नाही. फक्त सोनोग्राफीचा कागद आहे. आता भावाला विचारते.

मन्याडचं_पाणी
आमच्या गल्लीत चार घरं सोडून एक पिशवी काढलेली बाई आहे. पन्नाशीच्या आतल्या. काहून काढली विचारलं की सगळ्यांचं उत्तर सेम, खराब झाली होती म्हणे.

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे, लातूरला. डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून कुणी गोळ्या घेऊ नका, पण विचारायचं काय ते सांगते.

सात दिवसांच्या वर जाणं, तासा-दोन तासाला पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, रात्री उठून कपडा बदलावा लागणं, याला जास्त जाणं म्हणतात. हे लक्षण आहे. आजार कोणता ते शोधावं लागतं. थायरॉइड कमी काम करत असलं तरी पाळी जास्त जाते, हार्मोनचं गणित बिघडलं तरी जाते, फायब्रॉइडची (पिशवीच्या स्नायूत होणारी साधी) गाठ असली तर जाते, साधी तांबी बसवलेली असली तरी जाते, काहींना रक्त गोठण्याचाच त्रास असतो आणि तो वयात आल्यापासून असतो पण कुणी विचारत नाही. म्हणून आधी सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात एचबी कळतं) आणि थायरॉइडची टीएसएच करा. सोनोग्राफीत गाठ किती सेंटिमीटरची आणि पिशवीच्या कुठल्या भागात आहे ते वाचा. आतल्या अस्तराकडं असलेली छोटी गाठसुद्धा लई त्रास देते आणि बाहेरच्या अंगाला असलेली मोठी गाठ कधीकधी काहीच करत नाही. वय ४५ च्या पुढं असतं किंवा औषधानं फरक पडत नसता तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात, तिच्या बाबतीत गरज आहे का हे डॉक्टर ठरवतील.

आता इलाज. पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या रक्त कमी जाण्याच्या गोळ्या असतात (ट्रानेक्सामिक ॲसिड, पण पायात वगैरे रक्ताची गुठळी झालेली असेल तर चालत नाही, आधी सांगायचं). हार्मोनच्या गोळ्या असतात. हार्मोनवाली तांबी मिळते, ती पिशवीत बसवली की काही महिन्यांत रक्त खूप कमी होतं, बऱ्याच जणींची पाळी जवळजवळ थांबते आणि ती काही वर्षं चालते. फुकटात मिळते ती कॉपरची तांबी वेगळी, तिनं उलट जास्त जातं, गल्लत करू नका. गाठच त्रास देत असेल तर नुसती गाठ काढता येते. या सगळ्यानं झालं नाही तर पिशवी. शेवटचा नंबर तिचा.

आणि "सूज" लिहिलंय म्हणजे काय ते विचारा. सोनोग्राफीत पिशवी थोडी मोठी दिसली की "बल्की" लिहितात. बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच.

धपाटेवाली
ताई हे सेव्ह करून ठेवलं. "बल्की" माझ्यापण रिपोर्टला आहे, मी दोन वर्षं झाली टेन्शन घेऊन बसले होते :)

डोंगरवाट
पुरुष आहे, बोललं तर चालंल का?

धपाटेवाली
बोला की भाऊ. दवाखान्याचं बिल तुम्हीच भरता, तुम्हाला कळलंच पाहिजे.

डोंगरवाट
अंबाजोगाईजवळचा आहे. बायकोला पण असंच सांगितलं होतं. मी स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजला घेऊन गेलो, दिवस मोडला, लाइन लई होती, पण तिथल्या मॅडमनं फाईल बघून विचारलं की पिशवी काढायला कुणी सांगितलं, आधी रक्त भरून काढू. शिरेतून लोहाची सलाईन दिली, गोळ्या दिल्या. आता ठीक आहे. गोदाकाठची ताई, केजवरून अंबाजोगाई जवळ आहे, घेऊन जा. फक्त एक करा, वहिनीसोबत बाईमाणूस पाठवा. मी आत असताना बायको अर्धं सांगायचीच नाही, पांढरं जातं, जळजळ होते हे मला बाहेर काढल्यावर सांगितलं तिनं.

खवापोळी
मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

माझी पिशवी ४४ व्या वर्षी काढली. आधी दोन वर्षं गोळ्या, इंजेक्शनं, लोखंडाच्या सलाईनी सगळं केलं. गाठी अनेक होत्या, पोट पाच महिन्यांच्या बाईसारखं दिसायचं, लग्नकार्यात बायका "गोड बातमी का" विचारायच्या. शाळेत शिकवते, तास चालू असताना साडी खराब व्हायची, खुर्चीवरून उठायची भीती. ऑपरेशन केलं आणि जगायला लागले. त्यामुळं इथं जे चाललंय ना, पिशवी काढली म्हणजे डॉक्टरनं लुटलंच, ते मला पटत नाही. ज्या बाईला खरी गरज आहे ती हे वाचून अजून चार वर्षं रक्त सांडत बसंल त्याचं काय?

वॉर्डातली_ताई
खवापोळी, तुमचं बरोबरच आहे. तुम्ही आधी बाकीचं करून बघितलं, वय ४४, गाठी मोठ्या. तिथं ऑपरेशनच योग्य. भांडण ऑपरेशनशी नाही, पहिल्याच दिवशी तारीख देण्याशी आहे. तुमचे अंडाशय ठेवले होते ना?

खवापोळी
हो, दोन्ही ठेवले. मॅडमनी आधी समजावून सांगितलं होतं.

वॉर्डातली_ताई
हेच गोदाकाठची ताईंनी लिहून ठेवावं. उद्या ऑपरेशन करायचंच ठरलं तरी "अंडाशय ठेवणार का" हा प्रश्न विचारायचाच. ३३ व्या वर्षी तेही काढले तर दुसऱ्या दिवसापासून पाळी गेल्यासारखं शरीर होतं, अंगातून वाफा येणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं. अंडाशय ठेवले तरी काहींना मेनोपॉज (पाळी जाण्याचा काळ) लवकर येतो. बाई पस्तिशीत असते आणि गुडघे साठीतल्या बाईसारखे कुरकुरतात, मग ऑर्थोच्या दवाखान्यात चकरा.

रानपाखरू
माझे आईबाप ऊसतोड कामगार. आईची पिशवी मी सातवीत असताना काढली. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) आधी उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, लाखाच्या घरात, आणि ती फेडेपर्यंत पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. एकानं दांडी मारली की खाडा लागतो, म्हणजे पैसे तर मिळत नाहीतच वरून दंड. पहाटे तीन-चारला फडात जायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला शिडीनं चढायचं. पाळीचे चार दिवस काय करणार? कोपीत (फडावरच्या खोपटात) ना संडास ना न्हाणी ना पाणी. पोट दुखतंय म्हणून बसली तर खाडा. कपडा धुवायला पाणी नाही तर तोच ओला-सुका घालायचा, मग खाज, जळजळ, पांढरं पाणी, वास. दवाखान्यात गेलं की "पिशवी खराब झाली". बाईला वाटतं, काढून टाकली तर हे सगळंच मिटंल. डॉक्टरनं फसवलं हे अर्धं झालं, बाकी अर्धं बाई स्वतः हो म्हणते कारण तिला दुसरा रस्ताच दिसत नाही.

आणि ऑपरेशनचे पैसे कुठून? मुकादमाकडूनच, उचलीत वाढ. मग ते फेडायला टाके ओले असतानाच फडात. माझी आई आता पन्नाशीची पण नाही, तिला वाकून भाकरी थापता येत नाही.

२०१९ ला पेपरात खूप आलं तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यात सर्वे झाला. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांना विचारलं, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहात एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

बीडकर_बाणा
झालं सुरू. प्रत्येक ठिकाणी बीडची बदनामी. बाकीच्या जिल्ह्यात पिशव्या काढत नाहीत काय? बिहार, राजस्थान, छत्तीसगडमध्ये पण झालं, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

रानपाखरू
दादा मी पण बीडचाच. माझ्या आईचं सांगितलं, जिल्ह्याचं नाही.

मन्याडचं_पाणी
बाणा भाऊ, त्या राज्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं आणि एप्रिल २०२३ मध्ये कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं की केंद्रानं २०२२ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा. म्हणजे नाव सगळ्यांचंच घेतलंय. बीडला तर उलट हा नियम आधी आला, खासगी दवाखान्याला पिशवी काढायच्या आधी सिव्हिल सर्जनची (जिल्हा सरकारी दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरची) परवानगी घ्यावी लागते. गोदाकाठची, तुमच्या भावाला विचारा ती परवानगी घेतलीय का. हा प्रश्न नुसता विचारला तरी बऱ्याचदा तारीख आपोआप पुढं जाते :)

बीडकर_बाणा
हे चांगलं सांगितलं. हे माहीत नव्हतं.

तेरणाकाठ
कॅन्सरच्या भीतीबद्दल कुणी नीट बोललं नाही अजून. फायब्रॉइडच्या गाठीचा कॅन्सर होणं अगदी क्वचित. पाळी गेल्यावर त्या गाठी बहुतेक वेळा आपोआप आकसतात. पांढरं पाणी जातं म्हणून कॅन्सर होतो हेही खोटं. पातळ, बिनवासाचं पांढरं पाणी महिन्याच्या मध्यावर सगळ्याच बायकांना जातं. दह्यासारखं आणि खाज असेल, हिरवट-पिवळं असेल, वास मारत असेल तर इन्फेक्शन. त्याला औषध असतं, आणि काही इन्फेक्शनमध्ये नवऱ्यानं पण ते घ्यायचं असतं, नाहीतर फिरून होतं. आमच्याकडं नवरे गोळी घेत नाहीत, म्हणतात मला काय झालंय.

खरी भीती बाळगायची ती पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूनं होतो आणि व्हायला बरीच वर्षं घेतो, म्हणजे वेळीच पकडता येतो. यातलं जगभर सांगितलं जाणारं एक मोठं काम आमच्या धाराशिव (तेव्हा उस्मानाबाद) जिल्ह्यात झालंय. १९९९ पासून, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाच्या वर बायका, जवळपास ५०० गावं. काही गावांत एचपीव्हीची तपासणी, काही ठिकाणी पॅप (पिशवीच्या तोंडातल्या पेशी घेऊन तपासणं), काही ठिकाणी व्हिनेगरसारखं ॲसिड लावून बघायची साधी तपासणी, आणि काही गावांत नेहमीसारखं. आठ वर्षं पाठपुरावा. जिथं एचपीव्हीची तपासणी एकदाच केली तिथं त्या कॅन्सरनं मरणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलचे लोक गावोगाव फिरायचे. माझी सासू त्या तपासणीला गेली होती, अजून सांगते की गाडी शाळेपुढं लागायची आणि अर्ध्या बायका मागच्या दारानं रानात पळायच्या.

वॉर्डातली_ताई
ती ॲसिड लावून बघायची तपासणी आता सरकारी दवाखान्यात ३० च्या पुढच्या बायकांसाठी करतात, काही मिनिटांचं काम. आशाताईला विचारा कुठल्या दिवशी असते. आणि संबंधानंतर रक्त दिसणं, किंवा पाळी जाऊन वर्ष झालं आणि परत डाग दिसणं, यात एक दिवस पण घालवू नका. "पाळी परत सुरू झाली, तरुण झाले" म्हणून हसणाऱ्या बायका वॉर्डात बघितल्यात मी.

धपाटेवाली
मुलींना एचपीव्हीची लस द्यावी का मग? माझी १२ ची आहे.

वॉर्डातली_ताई
हो. पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आपल्याकडं आहे. ९ ते १४ वयात दोन डोस, १५ च्या पुढं तीन. मुलांच्या डॉक्टरला विचारा. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच.

येळवसवाली
रक्त कमीवर येते जरा. मला सगळ्यांनी बीट खा, डाळिंब खा सांगितलं. तीन महिने बीट खाल्लं. एचबी जिथल्या तिथं, फक्त लघवी गुलाबी :)

मन्याडचं_पाणी
लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं तर टोमॅटो सॉसची बाटली लावा :)

वॉर्डातली_ताई
:) बीटात लोह फार नसतं. गुळात असतं थोडं पण खडाभर गुळानं भरून येत नाही. आपल्याकडं बाजरी, तीळ, हरभऱ्याची भाजी, अळीव, मटकी, लोखंडी तवा-कढई हे सगळं चांगलं, सोबत लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. मटण-कलेजी खात असाल तर त्यातलं लोह सगळ्यात पटकन लागतं. पण एचबी ७-८ ला आलं असेल तर ताटातून भरून निघत नाही, गोळी नाहीतर सलाईनच. बाईचं १२ च्या खाली म्हणजे कमी, ८ च्या खाली म्हणजे फार कमी. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायका कमीवाल्याच निघाल्या.

आणि गोळी चहासोबत घेऊ नका हो. चहाच्या आधी आणि नंतर तासभर जाऊ द्या. कॅल्शियमची गोळी पण सोबत नको, एक सकाळी एक रात्री.

येळवसवाली
मराठवाड्यात दोन चहाच्या मध्ये दोन तास सापडतात का? पाव्हणे आले, चहा. पाव्हणे निघाले, चहा.

खवापोळी
रात्री झोपताना घ्या. मी तेच केलं. मळमळत पण नाही. शौचाला काळं होतं त्याला घाबरू नका, गोळीमुळंच होतं. शाळेत पोरींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो तर अर्ध्या पोरी खिडकीतून फेकतात, घरून सांगितलेलं असतं की गोळीनं लेकरं होत नाहीत. पालकसभेत हे बोलले तर एक आजीबाई उठून म्हणाल्या, मास्तरीणबाई, आमाला गोळी नव्हती तरी सात झाले. काय बोलणार.

डोंगरवाट
:) आजीबाईंना विचारायचं होतं, सातातले जगले किती.

धपाटेवाली
अजून एक विषय. लघवी तुंबवणं. आम्ही शेतात खुरपायला जातो तर दिवसभर पाणीच पीत नाही, आडोसा नाही म्हणून. एसटीनं जायचं असलं की आदल्या रात्रीपासून बंद. मग सारखी जळजळ. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या आणते, बरं वाटतं, परत सुरू.

वॉर्डातली_ताई
दोन गोळ्यांनी जंतू अर्धवटच मरतात, उरलेले मग औषधाला दाद देत नाहीत. लघवी तपासा, पूर्ण कोर्स करा. शुगर पण बघा एकदा, परत परत होतंय तर. थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या वर बरगडीखाली दुखलं तर लगेच जा, किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. शेतात आडोशाचं म्हणाल तर आमच्या गावात बायकांनी बांधाला जुन्या साड्यांचं कुडाण केलंय, चार काठ्या आणि दोन साड्या. मालकानं आधी कटकट केली, आता त्याची बायको पण तिथंच जाते.

मांजरा_आक्का
मी वाचतच असते, लिहीत नाही. माझं वय ५८. अंग बाहेर येतं. तिसऱ्या बाळंतपणात बाराव्या दिवशी पाणी शेंदायला लागले तेव्हापासून. खोकलं की जाणवतं. कुणाला सांगितलं नाही. याला पण पिशवीच काढतात का?

वॉर्डातली_ताई
आक्का, लिहिलंत बरं केलं. असं लई जणींना असतं, कुणी बोलत नाही. काढावीच लागते असं नाही. थोडं असेल तर व्यायाम असतो, लघवी मध्येच अडवल्यासारखा खालचा भाग आवळायचा, थोडा वेळ धरायचा, सोडायचा, दिवसातून काही वेळा (प्रत्यक्ष लघवी करताना नाही). बद्धकोष्ठ आणि खोकला आवरायचा, जड उचलायचं नाही. जास्त असेल तर सिलिकॉनची एक रिंग आत बसवतात, ऑपरेशनशिवाय. त्यानं नाही झालं तर ऑपरेशन. बाईडॉक्टरला एकदा दाखवा. तुमच्या गावाजवळ कुठं दाखवता येईल ते हवं असेल तर मला वेगळा मेसेज करा.

मांजरा_आक्का
करते माय.

गोदाकाठची
सगळ्यांना सांगायला आले. वहिनीला अंबाजोगाईला नेलं, सोबत मी स्वतः गेले. भाऊ बाहेर थांबला. एचबी ७.१ निघालं. थायरॉइड पण बिघडलेलं. गाठ दोन सेंटिमीटरची, बाहेरच्या अंगाला, मॅडम म्हणाल्या हिच्यामुळं हे होत नसावं, आधी थायरॉइड आणि रक्त बघू, तीन महिन्यांनी परत या. शिरेतून लोह दिलं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. परवानगीचं विचारलं तर पहिल्या दवाखान्यानं फोन घेणं बंद केलं, मन्याडचं_पाणी तुम्ही बरोबर होता.

पण प्रश्न संपला नाही. मॅडमनी जड काम नको म्हणून सांगितलं आणि उचल आधीच घेतलीय. आई म्हणते, काढून टाकली असती तर एकदाचं मोकळं झालं असतं, आता कोण दर तीन महिन्याला अंबाजोगाईला नेणार. वहिनी पहिल्यांदाच आईसमोर बोलली, म्हणाली मला नाही काढायची. त्यावरून घरात दोन दिवस अबोला.

खवापोळी
वहिनीला माझ्याकडून शाब्बास सांगा.

रानपाखरू
मुकादमाशी भावानं आत्ताच बोलावं, कारखान्यावर गेल्यावर नाही. आमच्याकडं काहींनी असं केलं की बाईऐवजी घरातला दुसरा माणूस, दीर नाहीतर भाचा, कोयत्याला लावला आणि बाई घरी राहिली. उचल कमी पडते, पण मुकादम ऐकतो, त्याला कोयता पूर्ण पाहिजे असतो. डॉक्टरचा कागद दाखवा. आणि वहिनी गेलीच तर तिच्या गोळ्या पूर्ण सीझनच्या सोबत बांधून द्या, तिकडं फडावरून दवाखान्यात कुणी सोडत नाही.

गोदाकाठची
दीर नाही पण वहिनीचा भाऊ रिकामा आहे. विचारते. गोळ्या सहा महिन्यांच्या एकदम देतात का सरकारी दवाखान्यात?

वॉर्डातली_ताई
एकदम सहा महिन्यांच्या मिळणं अवघड, महिन्याच्या मिळतील. थायरॉइडची गोळी मेडिकलवर महाग नसते, चिठ्ठी सोबत ठेवा म्हणजे तिकडं पण मिळेल. पण सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच परत बघावी लागते, डोस बदलू शकतो, तेव्हा ते कुठं करणार ते आधी ठरवा. कारखाना कोणता आहे, कुठला तालुका? तिथलं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे ते बघून सांगते.

गोदाकाठची
अजून ठरलं नाही. मागच्या साली कर्नाटकात होते.

येळवसवाली
कर्नाटकात पण गोळीचं नाव तेच असतं ना?

वॉर्डातली_ताई
औषधाचं नाव तेच. कंपनी वेगळी असेल. कंपनी बदलली तर रक्त तपासून घ्यायचं एवढंच.

डोंगरवाट
चिठ्ठीचा फोटो भावाच्या आणि वहिनीच्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. वहिनीकडं मोबाईल नसेल तर आधी तो घ्या.